शुद्धीची पहिली नोंद

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा सगळ्यांत अवघड तुकडा खालापूर तालुक्यात येतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणाऱ्या बोरघाटात ब्रेक तापून निकामी झालेले ट्रक, लेन तोडून घुसणाऱ्या गाड्या आणि पावसाळ्यातले दाट धुके या तिन्ही गोष्टी एकाच उतारावर भेटतात. शेजारच्या कर्जत तालुक्यात अपघातांचे रूप निराळे आहे. तिथे कर्जत-मुरबाड आणि कर्जत-चौक रस्त्यांवरच्या दुचाक्या असतात, लोकलच्या दारातून पडलेले प्रवासी असतात, भीमाशंकरच्या शिडी घाटात किंवा पेठच्या किल्ल्यावर पाय घसरलेले पर्यटक असतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. जिथे माणूस पडतो तिथून मेंदूची शस्त्रक्रिया होऊ शकेल असे रुग्णालय बरेच लांब असते, आणि तिथवर पोचेपर्यंत त्याला निदान तीन जणांचे हात लागतात: आधी रस्त्यावरचा मदत करणारा, मग रुग्णवाहिका किंवा जवळचे छोटे रुग्णालय, आणि शेवटी कामोठे, नवी मुंबई, मुंबई किंवा घाटापलीकडचे पिंपरी-चिंचवड. गंभीर जखमी माणूस वाचेल की नाही याचा अंदाज देणाऱ्या साधनांत सगळ्यांत स्वस्त आणि भरवशाचे साधन म्हणजे त्याच्या शुद्धीची तपासणी. माझे म्हणणे असे की या साधनाचे खरे मोल अपघाताच्या जागीच केलेल्या पहिल्या तपासणीत आहे, आणि हातांची अशी साखळी जिथे लांब असते तिथे नेमकी ती पहिली नोंदच हरवण्याचा धोका सर्वांत मोठा असतो.

ही तपासणी आज जगभर ज्या रूपात होते ते रूप १९७४ साली ठरले. ग्लासगोचे मेंदूशल्यचिकित्सक ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख लिहिला. त्याआधी बेशुद्धीचे वर्णन करताना डॉक्टर ‘गुंगीत’, ‘अर्धवट शुद्धीत’, ‘गाढ बेशुद्ध’ असे शब्द वापरत, आणि एकाच्या ‘अर्धवट’चा अर्थ दुसऱ्याला कळत नसे. टीसडेल आणि जेनेट यांनी विशेषणे बाजूला ठेवून तीनच प्रश्न विचारले. डोळे कशाने उघडतात? तोंडातून काय निघते? हातपाय कसे हलतात? डोळे आपोआप उघडे असतील तर ४, हाकेने उघडले तर ३, दाब दिल्यावर २, अजिबात नाही तर १. बोलणे नीट आणि भानावरचे असेल तर ५, गोंधळलेले ४, सुटे शब्द ३, नुसता आवाज २, काही नाही तर १. हालचालीला सगळ्यांत जास्त गुण आहेत: सांगितलेले केले तर ६, दुखावणाऱ्या जागी हात नेला तर ५, अंग मागे ओढून घेतले तर ४, हात विचित्रपणे आत वळले तर ३, ताठ होऊन बाहेर वळले तर २, काहीच नाही तर १. सुरुवातीला हालचालीचे पाचच टप्पे होते, सहावा दोन वर्षांनी आला. तिन्हींची बेरीज कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५ होते. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर, अशी मेंदूच्या माराची ढोबळ विभागणी पुढे रूढ झाली. आपल्याकडच्या अतिदक्षता विभागात ‘जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल) किती?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा विचारला जातो, तो हाच. या मोजमापाला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि सरावलेल्या माणसाला एक मिनिटही पुरते.

इतक्या साध्या तपासणीतून जगण्या-मरण्याचा अंदाज का येतो, हे नीट समजून घ्यायला हवे. जागे राहण्यासाठी मेंदूच्या देठातले जागृतीचे केंद्र आणि वरचे दोन्ही गोलार्ध एकत्र काम करत असावे लागतात. सांगितलेले करण्यासाठी तर कान, भाषा, इच्छा आणि स्नायूंपर्यंतची सगळी वाट शाबूत लागते. इजा जसजशी खाली उतरते तसतशी हालचाल बदलते. दुखणाऱ्या जागी हात नेणे हे मोठ्या मेंदूचे काम आहे. हात आत वळू लागले तर तो ताबा सुटल्याची खूण असते, आणि हातपाय ताठ होऊन बाहेर वळले तर इजा मेंदूच्या देठाकडे सरकल्याची. म्हणजे हालचालीचे सहा गुण ही मेंदूतल्या खोलीची मोजणी आहे. पण एवढ्यावर हे थांबत नाही. डोक्याला फार मार नसलेल्या जखमींतही शुद्धीचा आकडा मृत्यूचा अंदाज देतो, कारण मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असून शरीराच्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के एकटा वापरतो. फाटलेल्या प्लीहेतून किंवा मोडलेल्या मांडीतून रक्त वाहून जात असते तेव्हा शरीर आधी त्वचेचा, मग आतड्यांचा, मूत्रपिंडांचा पुरवठा आखडते. घरातले धान्य संपत आले तरी पाहुण्याचे ताट रिकामे ठेवू नये, तसे मेंदूला शेवटपर्यंत वाढले जाते. म्हणून रक्तस्रावाने माणूस असंबद्ध बोलू लागला, तर त्याचा अर्थ शिल्लक संपली असा घ्यायचा. छातीला मार लागून श्वास अपुरा पडत असेल तरी हेच घडते. शुद्ध ही श्वास, रक्ताभिसरण आणि मेंदू या तिन्हींची एकत्र खबर आहे, आणि म्हणूनच एका अवयवाच्या कोणत्याही मोजमापापेक्षा ती जास्त सांगते.

हे केवळ तर्काने पटणारे नाही, आकड्यांनीही तपासलेले आहे. १९८९ साली अमेरिकेतल्या हजारो जखमींच्या नोंदींवरून ‘रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअर’ तयार झाला. त्यात तीनच गोष्टी आहेत: शुद्धीचा गुणांक, वरचा रक्तदाब आणि श्वासाचा वेग. मृत्यूच्या अंदाजात कोणाचे वजन किती, हे संख्याशास्त्राने ठरवले, तेव्हा शुद्धीला ०.९३६८, रक्तदाबाला ०.७३२६ आणि श्वासाला ०.२९०८ असे वजन आले. रक्तदाब हा जखमींच्या तपासणीचा राजा मानला जातो, त्याच्याही वर शुद्ध बसली. २००८ साली मेंदूच्या गंभीर आणि मध्यम माराच्या ८,५०९ रुग्णांवरून ‘इम्पॅक्ट’ नावाचे अंदाजाचे सूत्र बांधले गेले. त्याच्या गाभ्यातही तीनच गोष्टी होत्या: वय, हालचालीचा गुण आणि डोळ्यांच्या बाहुल्यांची प्रकाशाला प्रतिक्रिया. त्याच वर्षी १०,००८ रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीवरून दुसरे सूत्र आले आणि त्याचेही मुख्य घटक जवळजवळ हेच निघाले. आपल्याकडचा पुरावा त्याहून जवळचा आहे. मुंबईचे केईएम आणि सायनचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दिल्लीचे एम्सचे ट्रॉमा केंद्र आणि कोलकात्याचे एसएसकेएम यांनी मिळून २०१३ ते २०१५ या काळात ‘टिटको’ नावाची जखमींची नोंदवही चालवली. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. नोबोजित रॉय आणि स्वीडनचे मार्टिन गेर्डिन हे त्या कामातले प्रमुख. त्यांच्या एका विश्लेषणात ११,२०२ प्रौढ जखमींपैकी सुमारे २१ टक्के तीस दिवसांच्या आत रुग्णालयातच दगावले. भारतातल्या सरकारी रुग्णालयांच्या आकड्यांवर याच गटाने अंदाज बांधून पाहिला, तेव्हाही रक्तदाब आणि नाडी यांच्या जोडीला शुद्धीचा गुणांक उभा राहिलाच.

इथपर्यंतचा युक्तिवाद बहुतेक डॉक्टरांना मान्य असतो. माझा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. आपल्याकडे कागदावर सहसा एकच आकडा लिहिला जातो, बेरजेचा. ‘जीसीएस ७’ एवढेच. या बेरजेत बरेच काही झाकले जाते. २००३ साली हीली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक जखमींच्या नोंदी तपासल्या. बेरीज ४ असलेले रुग्ण तीन प्रकारचे असू शकतात: ज्यांचा जादा गुण हालचालीतून आला ते, बोलण्यातून आला ते आणि डोळ्यांतून आला ते. पहिल्या गटातले सुमारे ५२ टक्के वाचले, दुसऱ्यातले ७३ आणि तिसऱ्यातले ८१. आकडा एकच आणि जगण्याची शक्यता निम्म्यापासून चार पंचमांशांपर्यंत. हालचालीचा २ गुण मिळवणारा माणूस ताठ होऊन हातपाय बाहेर वळवतो, म्हणजे त्याच्या मेंदूचा देठ दुखावला आहे हे जवळजवळ नक्की असते. डोळे किलकिले करणारा पण हातपाय न हलवणारा माणूस मात्र मानेचा मणका मोडलेला किंवा औषधाने सैल केलेला असू शकतो. त्याच अभ्यासाने दाखवले की फक्त हालचालीचा गुण घेतला तरी अंदाज बेरजेइतकाच, काही बाबतींत बेरजेहूनही चांगला येतो. बाहुल्यांचेही तसेच. २०१८ साली टीसडेल यांनीच सहकाऱ्यांसह जुन्या बेरजेतून बाहुल्यांचे गुण वजा करण्याची पद्धत सुचवली. एक बाहुली प्रकाशाला आकसत नसेल तर एक, दोन्ही आकसत नसतील तर दोन वजा. बेरीज ३ असलेल्या रुग्णांत सुमारे निम्मे दगावतात, पण बाहुल्यांसह गुणांक १ वर आला तर दगावणारे तीन चतुर्थांशांच्या घरात जातात. ज्या टॉर्चने हे कळते ती आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे.

एकाच वेळची नोंद मात्र अर्धीच गोष्ट सांगते. समजा, चौकजवळ दुचाकीवरून पडलेला तरुण उठून बसला, नाव-गाव सांगितले, पाणी मागितले आणि दीड तासाने नवी मुंबईत पोचला तेव्हा हाकेला ओ देत नव्हता. कवटी आणि मेंदूच्या आवरणामधली मधली धमनी फाटली तर असे घडते. आधी शुद्ध येते, मग साचणारे रक्त मेंदूला बाजूला ढकलू लागते, डोळ्याचा मज्जातंतू चिमटला जातो, त्या बाजूची बाहुली मोठी होते आणि माणूस पुन्हा हरवतो. या रक्ताची गाठ वेळेत काढली तर असा रुग्ण चालत घरी जाऊ शकतो, कारण त्याचा मेंदू मुळात फारसा चिरडलेला नसतो. त्याउलट अपघाताच्या क्षणापासूनच गाढ बेशुद्ध असलेल्याच्या मेंदूला सर्वत्र इजा झालेली असते आणि तिथे शस्त्रक्रियेला फार थोडे करता येते. नवी मुंबईतल्या डॉक्टरसमोर दोघांचाही आकडा ६ असेल. फरक एकाच गोष्टीने कळतो: चौकला तो बोलत होता का, हे कोणी लिहून पाठवले आहे का. शिवाय वाटेत श्वासनळीत नळी घातली, झोपेचे औषध दिले की बोलण्याचा गुण संपला आणि हालचालही दबली. म्हणून औषधाआधीची नोंद परत कधीच मिळत नाही. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे याच द्रुतगती मार्गावर आमदार राहिलेले नेते विनायक मेटे यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा मदत किती मिनिटांत पोचली हाच वादाचा मुख्य मुद्दा ठरला. मिनिटे महत्त्वाची आहेतच, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यात जागाही दिली आहे. पण त्या तासात काय पाहिले आणि काय लिहिले, यावर आपण तेवढ्याच तळमळीने बोलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की रस्त्यावर, अंधारात, गर्दीत केलेल्या मोजणीवर विश्वास कसा ठेवायचा? दोन माणसे एकाच रुग्णाला वेगळे गुण देतात, हे अभ्यासांतही दिसले आहे. हा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर मोजणी सोडण्यात नाही, ती सोपी करण्यात आहे. मतभेद होतात ते मधल्या टप्प्यांवर: अंग ओढून घेतले की आत वळवले, शब्द होता की नुसता आवाज. टोकाच्या एका प्रश्नावर फारसे मतभेद होत नाहीत, तो म्हणजे सांगितलेले करतो की नाही. अमेरिकेतल्या रुग्णवाहिका सेवेसाठीच्या २०२१ च्या सुधारित मार्गदर्शिकेने बेरीज बाजूला ठेवून हाच निकष धरला. हालचालीचा गुण ६ पेक्षा कमी, म्हणजे सांगूनही हात उचलत नसेल, तर थेट मोठ्या ट्रॉमा केंद्राकडे. हे पोलीस हवालदाराला जमते, द्रुतगती मार्ग सांभाळणाऱ्या आयआरबी कंपनीच्या मदत पथकाला जमते, खोपोलीत ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ याच नावाने काम करणाऱ्या स्वयंसेवकांनाही जमते. १०८ च्या रुग्णवाहिकेत तर महाराष्ट्रात डॉक्टरच असतो. २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेल्या या सेवेचे ते ठळक वैशिष्ट्य आहे, आणि त्या डॉक्टरने तिन्ही गुण वेगवेगळे लिहिणे अजिबात अवघड नाही.

दारूचा आक्षेप जास्त घातक आहे. ‘प्यायलेला आहे, म्हणून बोलत नाही’ या एका वाक्याने कित्येक रक्तस्राव झाकले जाऊ शकतात. दारूने शुद्ध मंदावते हे खरे, पण दारूचा अंमल तासागणिक उतरतो आणि कवटीतले रक्त तासागणिक वाढते. दोघांत फरक करण्याचा रस्त्यावरचा एकमेव मार्ग म्हणजे दर पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणे. रक्तदाब आणि प्राणवायू यांचेही असेच आहे. १९९३ साली चेस्नट आणि सहकाऱ्यांनी ७१७ गंभीर रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले की मेंदूला मार लागलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब एकदाही ९० च्या खाली गेला तर मृत्यूचे प्रमाण दुपटीच्या आसपास जाते. म्हणून शुद्ध कमी दिसली की आधी श्वास आणि रक्तदाब सावरायचे, मग पुन्हा मोजायचे. सुधारला तर तो आकडा बिघडलेल्या रक्ताभिसरणाचा होता, मेंदूचा नव्हता. ही माहितीसुद्धा मोठ्या रुग्णालयाला हवी असते. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र आकड्यावर विसंबू नये. वयाने मेंदू आकसलेला असतो, रक्त साचायला जागा असते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर १५ गुणांचा आजोबा रात्रीत कोसळू शकतो.

आणखी एक अडचण या भागाचीच आहे आणि पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच सापडते. बोलण्याचे पाच गुण मिळवायला माणसाने आपण कोण, कुठे आहोत, महिना कोणता हे नीट सांगावे लागते. घाटातल्या ट्रकचा चालक तमिळनाडूचा, राजस्थानचा किंवा बिहारचा असू शकतो. खालापूरच्या वाडीवरची कातकरी बाई मार लागल्यानंतर परक्या माणसाच्या प्रश्नाला गप्प राहू शकते. कर्जतच्या डोंगरातल्या ठाकर म्हाताऱ्याला इंग्रजी महिन्याचे नाव सांगता आले नाही तर तो गोंधळलेला ठरत नाही. त्याला सण विचारा, पेरणी झाली का विचारा, तो बिनचूक सांगेल. भाषा न कळल्यामुळे गुण कापला तर सौम्य इजा मध्यम ठरते, आणि उलट ‘याला आपली भाषा येत नाही’ म्हणून खरा गोंधळ दुर्लक्षिला तर त्याहून वाईट. हात उचलून दाखवून ‘असे कर’ म्हटले की भाषेचा बराच अडसर दूर होतो. हालचालीच्या गुणावर भर देण्याचे हे आणखी एक कारण आहे, आणि इथल्या परिस्थितीत मला ते सगळ्यांत वजनदार वाटते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. मृत्यूचा अंदाज हातात आला की माणसे प्रयत्न सोडतात, मग अंदाज आपोआप खरा ठरतो. कॅनडातल्या अतिदक्षता विभागांच्या २०११ च्या एका अभ्यासात मेंदूच्या गंभीर माराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू जीवनाधार काढून घेण्याच्या निर्णयानंतर झाले होते, आणि हे निर्णय बहुधा पहिल्या काही दिवसांतच झाले होते. आपल्याकडे हा निर्णय असा उघडपणे क्वचितच होतो. इथे तो पैशाच्या रूपाने होतो. ‘आशा कमी आहे’ एवढे ऐकून गावाकडून आलेले नातेवाईक कर्जाचा हिशेब मांडतात आणि सही करून रुग्णाला घरी नेतात. म्हणून अंदाज कसा सांगायचा, हे अंदाज बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ‘क्रॅश’सारख्या चांगल्या सूत्राचीही ताकद अशी: एक दगावणारा आणि एक वाचणारा असे दोन रुग्ण समोर ठेवले, तर दहापैकी सुमारे आठ वेळा ते बरोबर ओळखते. गटासाठी हे उत्तम आहे, पण एका माणसाच्या आईला हो किंवा नाही सांगण्यासाठी मुळीच पुरेसे नाही. त्यातून ही सूत्रे देशानुसार बदलतात. ‘क्रॅश’च्या लेखकांनीच श्रीमंत देशांसाठी आणि इतरांसाठी वेगळी सूत्रे दिली, कारण याच चाचणीच्या आकड्यांनुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गंभीर माराच्या रुग्णाची दगावण्याची शक्यता, वय आणि इजा सारखी धरूनही, श्रीमंत देशांतल्या रुग्णाच्या दुपटीहून जास्त होती. या जादा मृत्यूंचा दोष रुग्णाच्या मेंदूकडे जात नाही, तो वाटेतल्या उशिराकडे आणि अपुऱ्या सोयींकडे जातो. अशा ठिकाणी कमी आकडा ‘सोडून द्या’ असे सांगत नाही, ‘इथे थांबू नका’ असे सांगतो. ८ किंवा त्याखालचा रुग्ण ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन आणि मेंदूशल्यचिकित्सक दोन्ही नाहीत तिथे उतरवून घेणे म्हणजे तासाभराचा तोटा. श्वास आणि रक्तस्राव सावरण्यापुरते थांबून पुढे निघायला हवे, आणि निघण्याआधी पुढच्या रुग्णालयाला तीन गुण, दोन बाहुल्या आणि वेळ फोनवर कळवायला हवी. उपचार आकड्याने बदलतात याचाही पुरावा आहे. २०१९ च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत १२,७३७ रुग्णांपैकी ज्यांना तीन तासांच्या आत ट्रॅनेक्सामिक आम्ल हे स्वस्त औषध मिळाले, त्यांत सौम्य आणि मध्यम गटाचे डोक्याच्या माराने होणारे मृत्यू घटले, गंभीर गटात मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणजे ९ आणि त्यावरच्या रुग्णाला ‘हा बरा आहे’ म्हणून रांगेत मागे ठेवणे ही मोठी चूक ठरू शकते.

एकाच वेळी अनेक जखमी येतात तेव्हा ही गोष्ट आणखी टोकदार होते. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर शिंग्रोबा मंदिराजवळ गोरेगावच्या ढोल-ताशा पथकाची बस दरीत गेली आणि १३ जण दगावले. तीन महिन्यांनी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता राहिली, आणि बचाव पथकांना गाडीरस्ता नसलेला डोंगर पावसात चढावा लागला. खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारख्या स्थानिक गिर्यारोहकांना अशा ठिकाणी पुन्हा पुन्हा धावावे लागते. दरीतून आधी कोणाला वर घ्यायचे? कॅलिफोर्नियात १९८३ साली तयार झालेली ‘स्टार्ट’ ही पद्धत यासाठी तीनच गोष्टी बघते: श्वास मिनिटाला तीसहून जास्त आहे का, नखावर दाब देऊन सोडल्यावर रक्त दोन सेकंदांत परत येते का, आणि सांगितलेले करतो का. तिसरा प्रश्न हा शुद्धीचाच आहे. ओरडणारा जखमी लक्ष वेधून घेतो, गप्प पडलेला घेत नाही, आणि बहुधा दोघांत गप्प असलेलाच मरणाच्या जवळ असतो. दोराला लागलेल्या माणसाला हे शिकवायला एक दुपार पुरते.

द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मेली. त्यानंतर कठडे, वेगावर नजर, थांबलेल्या गाड्या हटवणे अशा उपायांनी ती संख्या बरीच उतरली, याचा अर्थ मोजून काम केले की फरक पडतो. ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार देणारी केंद्राची योजनाही लागू झाली आहे, त्यामुळे पैशापायी रुग्ण घरी नेण्याचे एक कारण निदान पहिल्या आठवड्यापुरते तरी सैल व्हायला हवे. त्या आठवड्याचा उपयोग होण्यासाठी खोपोली नगरपालिकेचे रुग्णालय, कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, १०८ च्या गाड्या आणि महामार्ग पोलीस यांच्याकडे एकच छापील चिठ्ठी असावी. तिच्यावर डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे वेगळे गुण, उजवी-डावी बाहुली, रक्तदाब, दिलेले औषध आणि प्रत्येक ओळीपुढे घड्याळातली वेळ असावी. बेरजेचा रकाना नसला तरी चालेल. ही चिठ्ठी रुग्णाच्या केसपेपरला टाचली जावी आणि तिची एक प्रत, रुग्णाचे पुढे काय झाले या नोंदीसह, जिथून ती निघाली तिथे परत यावी. खोपोलीच्या स्वयंसेवकाला आपण ‘हात उचलत नाही’ असे लिहिलेला माणूस जगला की गेला हे कधी तरी कळले पाहिजे, आणि दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा चिठ्ठ्या जमल्या की रायगडच्या डोंगरातल्या जखमींसाठी अमेरिकेची वजने उसनी घ्यावी लागणार नाहीत.